टेंभूचं पाणी, रोख्यांचा पैसा आणि कस लावणारी माणसं

आटपाडीला टेंभूचं आवर्तन सुटतं तेव्हा जे पाणी येतं, ते कऱ्हाडजवळ कृष्णेतून उचललेलं असतं. टेंभू हे गोपाळ गणेश आगरकरांचं जन्मगाव. तिथून पंपांच्या पाच टप्प्यांनी चढत, बोगद्यांतून आणि कालव्यांतून ते माणदेशात पोचतं. कृष्णा जिथे उगम पावते त्या महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. आटपाडीच्या वाट्याला त्याचा दशांशही येत नाही. नदीचा उतार सोडून पाण्याला असं उलट वर चढवणं हीच मुळात थक्क करणारी गोष्ट. पण मला त्याहून अधिक नवल वाटतं ते या पाण्याच्या आधी झालेल्या पैशाच्या प्रवासाचं.

कृष्णेच्या पाणीवाटपासाठी नेमलेल्या बच्छावत लवादाचा निवाडा १९७६ मध्ये राजपत्रात आला. कृष्णेतलं ५६० टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी महाराष्ट्राच्या वाट्याला आलं आणि या वाटपाचा फेरविचार ३१ मे २००० नंतर होऊ शकेल, असं त्यात नमूद होतं. तोवर आपलं पाणी अडवून वापरलं नाही तर पुढे हक्क सांगायचा कशावर, ही धास्ती होती. धरणं आणि उपसा योजना उभ्या करायला हजारो कोटी लागणार होते आणि राज्याच्या अर्थसंकल्पातून एवढा पैसा वेळेत निघणं शक्य नव्हतं. म्हणून १९९६ मध्ये महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झालं आणि त्याने खुल्या बाजारात कर्जरोखे काढले. कुठल्या तरी शहरातल्या गुंतवणूकदाराने व्याजासाठी रोखा घेतला आणि त्या पैशातून सांगली-साताऱ्याच्या माळावर चर खणले गेले. टेंभू योजनेला मान्यता मिळाली तीही १९९६ मध्येच: २२ टीएमसी पाणी, सात तालुके, ८० हजार हेक्टरांवर सिंचन.

या रोख्यांना राज्य सरकारची हमी होती. कर्ज देण्याआधी योजनेची पारख कोण करतं, या आजच्या विषयाचं मूळ माझ्या मते तिथेच आहे. सरकार हमीला उभं असल्यावर रोखा घेणाऱ्याला टेंभूची चौकशी करायचं कारणच उरत नाही. ही योजना पाणीपट्टी किती गोळा करेल, पंपांचं वीजबिल कोण भरेल, काम लांबलं तर व्याजाचं काय, हे प्रश्न त्याने का विचारावेत? महामंडळाचं स्वतःचं उत्पन्न व्याजाला पुरणारं नव्हतं. भार शेवटी राज्याच्या तिजोरीवर आला. आणि विजेचा प्रश्न इतका बिकट झाला, की पुढे टेंभू, ताकारी, म्हैसाळसारख्या योजनांच्या वीजबिलातला ८१ टक्के वाटा सरकारने आणि १९ टक्के वाटा शेतकऱ्यांनी उचलायचा, असं सूत्र ठरलं.

एवढ्या खर्चाने वर चढवलेलं पाणी आपण एकदाच वापरतो. आंघोळीचं, धुण्याभांड्याचं, संडासाचं पाणी गटारातून ओढ्याला जातं आणि तिथे डास, दुर्गंधी आणि जलपर्णी पोसतं.

त्या सांडपाण्याकडे जरा निरखून बघावं. त्यात ९९.९ टक्के पाणीच असतं. ज्याला आपण नाक मुरडतो तो सगळा मैला, साबण, तेल, क्षार मिळून उरलेल्या एका दशांश टक्क्यात मावतात. नागरी पाणीपुरवठ्याचं मानक माणशी रोज १३५ लिटरचं आहे आणि त्यातलं सुमारे ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं, असं अभियंते धरतात. म्हणजे दहा हजार वस्तीमागे रोज जवळजवळ ११ लाख लिटर. वर्षाचा हिशेब केला तर चार लाख घनमीटरांच्या आसपास. हेक्टरी ५,००० घनमीटर पाणी धरलं, तरी ८० हेक्टर बागेला पुरेल एवढं पाणी दर दहा हजार माणसांमागे दरवर्षी ओढ्यात जातं. आणि ते पावसावर अवलंबून नाही. माणसं रोज आंघोळ करणार, रोज भांडी घासणार. दुष्काळात ओघ घटेल, पण आटणार नाही.

ते स्वच्छ करणारे खरे कामगार म्हणजे जिवाणू. आधी जाळ्या आणि टाक्यांमध्ये जड गाळ खाली बसवतात. मग पाण्यात हवा सोडली की कोट्यवधी जिवाणू त्यातला सेंद्रिय मळ खाऊन वाढतात, त्यांचे गठ्ठे होतात आणि तेही तळाला बसतात. इथवरचं काम आपल्याकडच्या पुष्कळ शहरांत होतं. पुनर्वापरासाठी तिसरा टप्पा हवा. त्यात पाणी वाळूच्या थरांतून किंवा अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्यांतून जातं. साधारण एक मायक्रॉनचा जिवाणू ज्यातून जाऊ शकत नाही, इतकी ती छिद्रं बारीक असतात. उरलेले जंतू अतिनील प्रकाशाने किंवा क्लोरीनने मारतात. कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज काउंटीत २००८ पासून याच्याही पुढे जाऊन क्षारसुद्धा गाळतात आणि ते पाणी जमिनीत मुरवून पुन्हा पिण्यासाठी उपसतात; आज तिथली क्षमता दिवसाला सुमारे ४९ कोटी लिटरची आहे. आपल्याकडे नागपूरने भांडेवाडीत शुद्ध केलेलं सांडपाणी महानिर्मितीच्या कोराडी औष्णिक वीज केंद्राला विकलं. वीज केंद्राचं पेंच धरणाच्या गोड्या पाण्यावरचं अवलंबन त्यामुळे कमी झालं आणि महापालिकेला ज्याच्यासाठी खर्च यायचा, त्याच सांडपाण्याचे पैसे मिळू लागले.

विज्ञान असं हाताशी आहे. अडतं ते पैशापाशी. प्रकल्प आज उभा करायचा असतो आणि त्याची कमाई पुढची पंधरा-वीस वर्षं थोडी थोडी येणार असते. उद्याची पाणीपट्टी आजच्या पाइपात बदलायची, हे काम रोखा करतो. पालिका लोकांकडून कर्ज घेते, ठरल्या दराने व्याज देते आणि मुदत संपली की मुद्दल फेडते. १९९८ मध्ये अहमदाबाद महापालिकेने राज्य सरकारच्या हमीशिवाय १०० कोटींचे रोखे काढले, तेव्हा ती देशातली पहिलीच घटना होती. जकातीची वसुली वेगळ्या खात्यात ठेवून त्यातून आधी रोखेधारकांचे पैसे द्यायचे, अशी तजवीज तिने केली होती. पुढच्याच वर्षी नाशिकने पाणी आणि भुयारी गटारांसाठी १०० कोटी उभे केले, १४.७५ टक्के व्याजाने. आणि २०२१ मध्ये गाझियाबाद महापालिकेने नेमकं आपल्या विषयाचं काम केलं: सांडपाण्यावर तिसऱ्या टप्प्याची प्रक्रिया करून साहिबाबादच्या कारखान्यांना पाणी देण्यासाठी १५० कोटींचे हरित रोखे, व्याज ८.१ टक्के. ज्या पाण्याला लोक नाक मुरडतात, त्याच्या भरवशावर शेअर बाजारातल्या माणसांनी दीडशे कोटी दिले, हे वाचून माझ्या अंगावर रोमांच उभे राहिले होते.

इतका भरवसा येतो कुठून? रोखा घेणारा काही गटारात उतरून पाहत नाही. त्याच्या वतीने पाहणारी माणसं असतात, आणि ती नेमावी लागतात.

माणदेशातली आणि विटा-खानापूरकडची असंख्य कुटुंबं गलाईच्या धंद्यात भारतभर पसरली आहेत. दागिन्यांची मोड वितळवून त्यातलं शुद्ध सोनं वेगळं काढणं हे त्यांचं काम. गलाईवाल्याने कस लावला की खरेदीदाराला दागिन्याचा इतिहास विचारावा लागत नाही. सोनं किती आणि हीण किती, एवढं कळलं की पुरे. पतमानांकन संस्था पालिकेचा असाच कस लावते. घरपट्टीची मागणी किती, वसुली किती, थकबाकी किती जुनी, पगारावर किती जातात, पाण्याची गळती किती, कोर्टात किती दावे पडून आहेत, हे सगळं वितळवून ती शेवटी दोन-तीन अक्षरं हातात देते. पुणे महापालिकेला २०१७ मध्ये ‘एए प्लस’ मिळालं होतं. त्या अक्षरांवर व्याजाचा दर ठरतो. दहा वर्षांच्या कर्जात अर्धा टक्का इकडेतिकडे झाला तरी एखादी पाण्याची टाकी कमी-जास्त होते.

पण कस लावण्याआधीची मेहनत सल्लागाराची. भांडवली बाजाराची नियामक असलेल्या सेबीने २०१५ मध्ये पालिका रोख्यांसाठी नियम केले. त्यांत मागच्या तीन वर्षांत पालिकेची निव्वळ मालमत्ता उणे नसावी, आधीच्या वर्षभरात कुठल्याही कर्जाची परतफेड चुकलेली नसावी, अशा अटी होत्या. अट वाचायला सोपी; पण निव्वळ मालमत्ता सांगायची तर आधी आपल्याकडे काय आहे ते ठाऊक हवं. जमिनीखाली किती किलोमीटर पाइप आहे, तो कोणत्या साली टाकला, त्याची आज किंमत काय? जमाखर्चाची वही आणि दुहेरी नोंदीचा हिशेब यांत फार मोठं अंतर आहे. सल्लागार गावात येतो तेव्हा त्याचे पहिले महिने दप्तरांच्या धुळीत जातात. गाव स्वतःला नीट मोजतं, अनेकदा पहिल्यांदाच. कर्ज निघो न निघो, ही मोजणी पुढे कामीच येते.

त्याच्या जोडीला वकील लागतो. शुद्ध केलेल्या पाण्यावर मालकी कोणाची, सभेचा ठराव आणि राज्य सरकारची परवानगी बरोबर आहे का, हे तो पाहतो. मर्चंट बँकर गुंतवणूकदार शोधतो. हरित रोखे असतील तर पैसा खरोखर पर्यावरणाच्याच कामाला लागेल, असं सांगणारा त्रयस्थ परीक्षक लागतो. आणि विश्वस्त: ठरलेली वसुली दर महिन्याला एस्क्रो खात्यात जमा होते की नाही, यावर रोखेधारकांच्या वतीने मुदतभर नजर ठेवणारा. या खात्यातला पैसा आधी परतफेडीला, उरेल तो पालिकेला. नगराध्यक्ष बदलोत, मुख्याधिकारी बदलोत, खात्याचा क्रम बदलत नाही. दहा-पंधरा वर्षांपुरता दिलेला शब्द कागदावर असा बांधून ठेवता येतो, हे मला धरणाच्या भिंतीइतकंच भव्य वाटतं.

या सगळ्यांत अवघड काम कोणतं म्हणाल तर पुढची कमाई मांडणं. आटपाडीपुरतं बोलू. इथे कोराडीसारखं एकच मोठं गिऱ्हाईक नाही. पाणी घेणारे असतील ते डाळिंबवाले. डाळिंबाचा बहार धरण्याआधी बागेला ताण देतात, पाणी तोडतात. सांडपाणी मात्र रोज तेवढंच येत राहणार. मग ताणाच्या काळात ते ठेवायचं कुठे? इथे शेततळी भरपूर आहेत. त्यांना जोडून साठवण करता येईल का? टेंभूचं आवर्तन वेळेवर आलं त्या वर्षी शेतकरी हे पाणी विकत घेईल का? शुद्ध केलेल्या पाण्यात क्षार थोडे जास्त राहतात, आणि जिथे ते धुऊन न्यायला पाऊस पुरेसा नाही तिथे वर्षानुवर्षं ते मातीत साठत जातात. डाळिंब बऱ्यापैकी क्षार सोसतं, सगळी पिकं सोसत नाहीत. दहा वर्षांच्या उत्पन्नाचा तक्ता करणाऱ्याला बहार, ताण आणि जमिनीचा पोत माहीत नसेल, तर संगणकातले त्याचे आकडे कितीही देखणे असोत, माझा त्यांच्यावर विश्वास बसणार नाही. अशा सल्लागाराने महिनाभर तरी बागांमधून हिंडलं पाहिजे.

वेळ साधणं हेही सल्ल्याचंच काम. पुण्याने जून २०१७ मध्ये समान पाणीपुरवठ्यासाठी २०० कोटी उभे केले, ७.५९ टक्क्यांनी. मागणी कितीतरी पटींनी जास्त आली, देशभर कौतुक झालं. त्याआधी अमेरिकेच्या अर्थखात्यातल्या तज्ज्ञांचं साहाय्यही मिळालं होतं. केंद्राने प्रोत्साहन म्हणून २६ कोटी दिले. पण त्याच वर्षी कामाच्या निविदा रद्द होऊन पुन्हा काढाव्या लागल्या आणि रोख्यांचा पैसा काही काळ बँकेतल्या ठेवीत पडून राहिला. २०० कोटींवर ७.५९ टक्के म्हणजे वर्षाला १५ कोटींहून जास्त, दिवसाला चार लाखांच्या वर. ठेवीच्या व्याजाने त्यातलं काही भरून निघालं असेल. तरी खणायला जागा आणि ठेकेदार तयार नसताना कर्ज घेऊ नये, हे पुण्याच्या उदाहरणाने राज्यातल्या प्रत्येक पालिकेला दाखवून दिलं.

सल्ला देणाराच फिरला तर काय होतं, ते अलाबामातल्या जेफरसन काउंटीने पाहिलं. नद्यांत मैला सोडू नका, गटारं दुरुस्त करा, असा बडगा तिच्यावर १९९६ मध्ये आला. काम रास्त होतं, निकडीचं होतं. त्यासाठी तिने रोखे काढले. मग २००२-०३ च्या सुमारास तिला पटवण्यात आलं, की ठरावीक व्याजाचं कर्ज बदलत्या व्याजाचं केलं आणि बँकांशी व्याजदरांच्या अदलाबदलीचे करार केले तर पैसे वाचतील. २००८ च्या आर्थिक संकटात ते सगळं उलटलं, व्याज आभाळाला भिडलं आणि नोव्हेंबर २०११ मध्ये काउंटीने दिवाळखोरी जाहीर केली. कर्ज चार अब्ज डॉलरच्या वर होतं. तिथल्या एका माजी आयुक्तांना लाचखोरीत शिक्षा झाली. आयुक्तांच्या मित्रांच्या संस्थांना काही विशेष काम नसताना ८० लाखांहून जास्त डॉलर दिले गेले, असा आरोप अमेरिकी रोखे आयोगाने जेपी मॉर्गन बँकेवर ठेवला. बँकेने तो मान्य किंवा अमान्य न करता २००९ मध्ये तडजोड केली आणि अदलाबदलीचे करार तोडण्यापोटीच्या ६४ कोटी डॉलरहून जास्त रकमेवर पाणी सोडलं. गटारांचे दर मात्र सामान्य घरांनी भरले, अजूनही भरत आहेत.

अमेरिकेने २०१० च्या डॉड-फ्रँक कायद्याने पालिकांच्या आर्थिक सल्लागारांना नोंदणी सक्तीची केली आणि पालिकेचं हित आपल्या हिताच्या वर ठेवणं हे त्यांचं कायदेशीर कर्तव्य ठरवलं. एकाच रोखेविक्रीत आधी सल्लागार आणि मग रोखे विकत घेणारा अशा दोन टोप्या घालायलाही तिथल्या नियमांनी बंदी आहे. हे सूत्र आपण आपल्या निविदांच्या अटींत आजच घालू शकतो. त्यासाठी दिल्लीच्या कायद्याची वाट बघायला नको.

आता आटपाडी. नगरपंचायत होऊन तिला फार काळ झालेला नाही. एकट्या आटपाडीने रोखे काढायचे म्हटले तर वकील, मानांकन, विश्वस्त यांची फीच कर्जाच्या मानाने जड होईल. पण तमिळनाडूने याची वाट वीसहून अधिक वर्षांपूर्वी शोधून ठेवली आहे. २००२-०३ मध्ये तिथल्या १३ लहान नगरसंस्थांनी आपल्या पाणी आणि स्वच्छतेच्या गरजा एकत्र केल्या आणि एका सामाईक निधीमार्फत सुमारे ३० कोटींचे १५ वर्षं मुदतीचे रोखे निघाले. एकेकटीला बाजारात कुणी विचारलं नसतं. तेरा जणी मिळून गेल्या तेव्हा पैसा मिळाला. आटपाडी, विटा, खानापूर, कडेगाव, तासगाव, कवठेमहांकाळ, सांगोला ही टेंभूच्या लाभक्षेत्राच्या आसपासची गावं. पाण्याची अडचण सारखी, विजेचं गणित सारखं. एक सल्लागार, एक वकील, एक मानांकन, आणि प्रत्येक गावाची आपापली प्रक्रिया टाकी. हे स्वप्न मी उघडपणे बाळगतो.

आटपाडीला जाणकारांना आपल्या बाजूने बसवणं नवं नाही. १९९३ पासून इथे दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद भरू लागली; नागनाथअण्णा नायकवडी, गणपतराव देशमुख, भारत पाटणकर या नेत्यांनी तिला धार दिली. पाणी जमिनीच्या आकारावर नव्हे तर प्रत्येक कुटुंबाला सारखं, ही मागणी घोषणेवर थांबली नाही. पुण्याच्या सोपेकॉम या संस्थेतल्या अभ्यासकांनी टेंभू-ताकारीच्या समन्यायी फेरआखणीचा रीतसर अभ्यास केला. बंदिस्त पाइपलाइन, मोजून पाणी, कुटुंबागणिक वाटा, हे सगळं कागदावर मांडून चळवळ सरकारसमोर बसली. माणदेशातल्या शेतकऱ्यांना टीएमसी आणि क्युसेकचा हिशेब तोंडपाठ झाला तो त्या वर्षांत. रोख्यांचा हिशेब त्याहून अवघड नाही.

उद्या खरोखरच सल्लागार नेमायची निविदा सभेपुढे आली, तर तिच्यात मी पहिल्यांदा फीचं कलम शोधेन. सर्वांत कमी बोलीवाला घ्यायचा की कामाच्या दर्जाला गुण द्यायचे, हा प्रश्न त्यानंतरचा. फी रोखे विकले गेल्यावरच आणि कर्जाच्या टक्केवारीत मिळणार असेल, तर सल्लागाराला कर्ज मोठं व्हावं असंच वाटणार. तो वाईट माणूस असायची गरज नाही. म्हणून फी टप्प्याटप्प्याने आणि ठरावीक रकमेची असावी, कर्जाच्या आकड्याशी तिचा संबंध नसावा. हिशेब पूर्ण केल्यावर ‘हे कर्ज तुम्हाला झेपणार नाही, दोन वर्षं आधी घरपट्टीची वसुली सुधारा’ असा अहवाल त्याने दिला, तर त्या अहवालाचेही पैसे त्याला पूर्ण मिळावेत, आणि तो मराठीत, नगरपंचायतीच्या फलकावर लागावा.